शुगरची गोळी नव्हती ती

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात होतो. झोपेतच गेली म्हणे. माझी थोरली बहीण, आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. दीड महिना झाला, तरी ‘आक्का होती’ म्हणताना जीभ अडते...

तिला कानात आवाज यायचे. बीडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते थांबले, पण हात थरथरायला लागले, तोंडाला कोरड पडायची. गावाला काय सांगायचं? मी मोठा शहाणा, ठोकून दिलं, शुगरची गोळी आहे. झालं! दुधाचं माप धरताना हात हलला, की शुगर उतरली म्हणून कुणीतरी बाई तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायची. माझ्या अब्रूपायी बिचारी मुकाट चघळायची.

मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत, बाया जेमतेम तांब्याभर दूध झाकून आणायच्या. एकीचं आक्काच्या हातून सांडलं. कुणी बोललं नाही, पण ती खचली. गुपचूप तिनं गोळीच सोडली. हातांची थरथर थांबली आणि काही दिवसांत कानातले आवाज परत आले. ती जेवेना, मला ओळखेना. मी रडलो, उगाच कशाला लपवू?

डॉक्टर म्हणाले, थरथर होते हे आधी का नाही सांगितलं? आम्हाला वाटलेलं, गोळी म्हटलं की हे आलंच. त्यांनी गोळी बदलली, हळूहळू डोस बसवला, मनानं सोडायची नाही म्हणून बजावलं. थरथर पुष्कळ कमी झाली, पण पुरती गेली नाही.

संस्थेच्या पुढच्या सभेत आक्का उभी राहिली. मी दारातून खुणावत होतो, बस खाली. तिनं बघितलंच नाही.

“माझी गोळी शुगरची न्हाई, डोक्याची हाय. ती सोडली तर मीच हातची जाते. माप बसून धरीन, येळ लागंल. चालत नसंल तर आत्ताच दुसरी सचिव निवडा.”

मग शेरडं राखणारी एक म्हातारी म्हणाली, “अगं, मग आमी येवढा गूळ कावून चारला?”

सगळ्या बाया हसल्या, आक्काही. शेवटपर्यंत तीच सचिव राहिली. लई अभिमान वाटतो मला तिचा.

दहाव्यानंतर पलीकडच्या गावची एक बाई आली. हात थरथरतात म्हणून तिच्या नवऱ्यानं डोक्याच्या गोळ्या सोडून दिल्या होत्या. आक्का अशांच्या सोबत दवाखान्यात जायची म्हणे, मला पत्ताच नव्हता. मीच निघालो त्या दोघांना घेऊन. मांजरसुंब्याला एसटीत एक ओळखीचा भेटला, कुठं निघालात म्हणाला. माझ्या तोंडी जुनं उत्तर आलंच होतं...

“डोक्याच्या डॉक्टरकडं,” मी म्हणालो. “आमच्या आक्काच्या.”