तोंडी सूचना

"नियम वाचलेत का?"

साहेब जिन्यात भेटले की नमस्काराच्या जागी हे विचारायचे. विचारताना उजव्या हाताचं बोट मोबाईलच्या काचेवर दोनदा वाजवायचे. समोरच्याच्या हातात भाजीची पिशवी आहे की रडणारं पोर, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं.

तुमच्याही सोसायटीत असा एक असणारच. आमचा जरा जास्तच कडक होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात सेफ्टीचे अधिकारी म्हणून ते निवृत्त झाले, आणि तिथे कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही हे बघायची जी सवय लागली होती, ती त्यांनी नदीकाठच्या मांजर्लीत, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काढली. ग्रुपचे अॅडमिन तेच, फिर्यादी तेच आणि न्यायाधीशही तेच. ग्रुपवर फक्त पाणी, लिफ्ट, पार्किंग, कचरा. वाढदिवस नाही, फॉरवर्ड नाही, शुभ सकाळ तर नाहीच नाही. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा बाहेर. परत यायचं असेल तर 'माझी चूक झाली' असं लिहून द्यायचं.

मला हा माणूस पहिल्यापासून आवडला नाही. पुढे तर डोक्यातच गेला, कारण त्याने माझ्या आईला काढलं.

आम्ही दोघी तळमजल्यावर राहतो. बाबा गेल्यानंतर आणि गुडघे धरल्यानंतर आईचं जग दारापासून खिडकीपर्यंत उरलं होतं. मी उल्हासनगरला एका कापडवाल्याच्या ऑफिसात दिवसभर. आई सकाळी ग्रुपवर एक गुलाब पाठवायची, खाली एक सुविचार. मग कोणीतरी हात जोडायचं, कोणी उलट मोगरा पाठवायचं. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. साहेबांच्या दोन ताकिदी तिने वाचल्याच नव्हत्या. एका सकाळी गुलाब जाईना. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे बघ गं, मला काढलंय असं काहीतरी दाखवतंय. मी कुणाला वाईट लिहिलं होतं का?"

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर साहेबांकडे गेले.

"माझी आई फुलं पाठवते, साहेब. शिव्या नाही."

"फुलं असोत की शिव्या, सूचना खाली ढकलली जाते," साहेब म्हणाले. "मागच्या पुरात मी लिहिलं होतं, पाणी गेटशी आलं, गाड्या काढा. त्यावर तुमच्या शुभ सकाळींचा ढीग पडला. अर्ध्या गाड्या बुडाल्या."

"मग फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाका ना."

"आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर त्याने कुठे लिहायचं?"

मी जास्तच चिडले. "म्हाताऱ्या बाईला तरी सवलत द्या!"

"सवलत दिली की नियम संपला. मी हिलाही काढलंय."

"मला सगळ्यात आधी काढलं," स्वयंपाकघरातून त्यांची बायको म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, थोडा मानच होता.

आईला लिहून द्यायचं सांगितलं तर ती उसळली. "गुलाबाची माफी मागू मी? मेले तरी नाही मागणार." इकडे ही, तिकडे तो. दोघंही हट्टी, आणि मधे मी. ऑफिसात शेठना सांगितलं, तर ते सिंधी माणूस, सरळ धंद्याचं बोलले: "बेटा, ऐसा आदमी दुकान खोले ना, तो मक्खी भी नहीं आएगी." मला फार बरं वाटलं. मी ते वाक्य घरी येऊन आईला ऐकवलं. ती हसली नाही, याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

मग तो पावसाचा दिवस. दुपारी ऑफिसात ग्रुपवर साहेबांची सूचना आली: 'नदी वाढते आहे. तळमजल्यावरच्यांनी सामान उचलून वर यावे.' तळमजल्यावर कोण, तर आम्ही. आणि आई तर ग्रुपमध्येच नाही! मी फोन लावला. घंटी नुसती वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुखरे गुडघे, एकटी बाई, नदी चार पावलांवर. साहेबांना लावायला मला सुचलंच नाही. मनात त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. आईला काही झालं तर या माणसाला सोडायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

लोकल बंद झाल्या होत्या. ऑफिसजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनहून रिक्षाने अंबरनाथ, तिथून दुसरी रिक्षा, ती अर्ध्यावर थांबली तेव्हा चालत. सोसायटीत शिरले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं. आमचं दार बंद, बाहेरून कुलूप. मी धावत वर गेले.

आई साहेबांच्या हॉलमध्ये खुर्चीवर पाय पसरून खिचडी खात होती. शेजारी आमचा गॅस सिलिंडर, मिक्सर, देव्हारा आणि बाबांचा फोटो. फोन खालीच राहिला होता, ओट्यावर.

"आलीस? किती भिजलीस गं. बस, तूही खा."

"तुला कोणी सांगितलं?"

"यांनीच. ग्रुपवर टाकायच्या आधी खाली आले. वॉचमनला घेऊन मला खुर्चीसकट वर आणलं."

साहेबांची ओली पॅन्ट अजून गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. पुढे आई जे म्हणाली ते मला पटकन कळलंच नाही. "ते येतातच की. रोजच."

ते खरं होतं. आईला काढल्यापासून प्रत्येक सूचना सांगायला साहेब तीन मजले उतरून यायचे. लिफ्ट नाही वापरायचे, व्यायाम म्हणून. उद्या पाणी उशिरा येईल. जिन्याला रंग लावणार आहेत, हात लावू नका. दारात उभं राहून सांगायचे, आई आत बोलवायची, चहा व्हायचा. मी तेव्हा ऑफिसात. आईने मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. "तू भांडली असतीस," ती म्हणाली.

"साहेब, तुम्ही रोज खाली येत होतात?" मी विचारलं.

"मग? ज्याला काढलं त्याला तोंडी सांगायची जबाबदारी काढणाऱ्याची. तोही नियम आहे. वाचलेला दिसत नाही तुम्ही."

आता तुम्ही म्हणाल, इथे मी विरघळले असेन. नाही. मी आणखी भडकले. "रोज तीन मजले उतरायला दोन पाय लागतात. तिला परत घ्यायला एक बोट लागतं! ते का नाही हलवलं?"

साहेबांनी दुमडलेली पॅन्ट खाली सोडली. मग म्हणाले, "त्यांनी लिहून दिलं नाही."

मी आभार मानले नाहीत. आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, गाद्या गेल्या, कपाट फुगलं. आई कोरडी राहिली. तरी नाही मानले. असा माणूस मला आजही पटत नाही. आधी लाथ मारायची आणि मग रोज लागलं का म्हणून बघायला यायचं, याला मी चांगुलपणा म्हणणार नाही.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. हार्ट अटॅक, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आईने माफी शेवटपर्यंत लिहून दिली नाही आणि त्यांनीही तिला शेवटपर्यंत घेतलं नाही.

अॅडमिन आता दुसऱ्या मजल्यावरचा एक हसरा तरुण आहे. त्याने पहिल्याच दिवशी काढलेल्या सगळ्यांना परत घेतलं आणि 'नो रूल्स, फक्त प्रेम' असं लिहिलं. मी मनापासून अंगठ्याची खूण पाठवली. आईने गुलाब पाठवला, लगेच मोगरे आले, हात जोडले गेले. मला हवं होतं ते सगळं झालं.

परवा मी सुट्टी घेऊन घरी होते. दुपारी आईने गॅसवर चहा ठेवला, तीन कपांचा. तिसरा कोणाला, ते मी विचारलं नाही. ती दाराकडे तोंड करून बसली.

"उद्या टाकी धुणार आहेत," मी म्हटलं. "पाणी भरून ठेवायला हवं. ग्रुपवर आलंय, बघितलंस का?"

"बघितलं," आई म्हणाली. "सांगायला कोणी आलं नाही."