पौर्णिमेला उभी राहणारी गाडी

श्री. किसनराव ढोकणे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका ट्रकखाली उताणे पडलेले होते. देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या वाहतूक संस्थेत स्टोअरकीपर म्हणून रुजू होण्यासाठी मी आलो होतो. व्यवस्थापक कुठे भेटतील असे विचारल्यावर एकाने चाकाकडे बोट केले. आतून आवाज आला, "चौदा-पंधराचा पाना द्या." मी दिला. गाडीचे काम संपल्यावर त्यांनी हात पुसले आणि मग माझा नेमणुकीचा कागद वाचला. तेव्हापासून ते मला साहेब कधी वाटले नाहीत. सगळ्यांप्रमाणे मीही त्यांना अण्णाच म्हणत आलो.

अण्णांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी खरे तर माझे थोरले बंधू सुखदेव सांगणार होते आणि मी उतरवून घेणार होतो. दादा याच संस्थेत ड्रायव्हर होते. या उन्हाळ्यात ते गेले. मला लिहिण्याची सवय नाही आणि सध्या मनही लागत नाही. जे आठवते तेवढे सांगतो.

संस्थेच्या गाड्या तेव्हाही जुन्याच होत्या. बहुतेक दुसऱ्यांनी वापरून विकलेल्या. नव्या घेण्याची ऐपत नव्हती. हंगामात कारखान्याला ऊस न्यायचा आणि हंगाम संपला की तिसगावच्या बाजाराचा माल करंजी घाटाने नगरला आणायचा. घाटात स्प्रिंगचा पाटा तुटला की माल दुसऱ्या गाडीत भरा, नगरहून मिस्त्री न्या, ड्रायव्हरने तिथेच झाडाखाली बसून राहा. खुद्द दुरुस्तीपेक्षा हे सगळे महाग पडे. अशा वेळी अण्णा स्वतः भाकरी बांधून घेऊन जात आणि ड्रायव्हरबरोबर तिथेच जेवत. का मोडली, हे जेवण झाल्याशिवाय विचारत नसत.

"रस्त्यात मोडण्यापेक्षा आवारात उघडलेली बरी," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पण चालती गाडी उघडायला थांबवणार कोण? त्यासाठी अण्णांनी अमावास्या धरली. अमावास्येला गाडी काढायला आमच्याकडचे ड्रायव्हर नाखूश असतात. गाडी धुतात, नारळ फोडतात, काही जण शिंगणापूरला जाऊन येतात. अण्णांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. गाडी उभी राहणारच आहे तर त्या दिवशी चाके उघडायची, तेल-ग्रीस बघायचे, असा नियम करून टाकला. शिंगणापूरहून परतलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी विचारले होते, "देवाला डबाभर तेल घालून आला, आन् गिअरबॉक्स कोरडा! शनी काय तुला घाटात धक्का मारायला येनार हाय व्हय?"

नियम चांगला होता, पण त्यात एक चूक होती. सगळ्या गाड्या एकाच दिवशी उभ्या राहत आणि मिस्त्री दोनच. काम दुसरा सगळा दिवस चाले. तोवर तोडलेला ऊस फडात वाळत पडे. संचालक आवारात येऊन म्हणत, "ढोकणे, गाड्या चालवायला घेतल्यात का पूजेला?" अण्णा ऐकून घेत. त्या दिवसांत ते फार थकलेले दिसत. नियम मोडावा तर घाटाची भीती, पाळावा तर शेतकऱ्यांचे नुकसान.

अशाच एका अमावास्येला दादा चावी मागायला आले. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी अमावास्या पाळत नाहीत.

"अण्णा, चावी द्या. फडात मानसं थांबल्यात."

"आज अमावास्या हाय, सुखदेव."

"तुमची असंल. आमच्या घरातून ती कवाच गेली. मी काय लिंबू-मिरचीवर गाडी चालवत न्हाई."

"मग कशावर चालवतो?"

"ब्रेकवर!"

"चल, दाखव," असे म्हणून अण्णांनी मागचे चाक उघडायला घेतले. ब्रेकचे लायनर रिबिटांपर्यंत झिजले होते. दादांनी वाकून ते चाचपून पाहिले. पण ते स्वभावाने हट्टी होते. म्हणाले, "गाडी उघडा, माझं काय म्हननं न्हाई. पन अमावास्येच्या नावानं न्हाई. दुसरा कुटलाबी दिवस सांगा."

भोवती माणसे जमली होती. दादा आता नोकरी सोडतात की काय, असे मला वाटले. बाहेरचे एक ठेकेदार त्यांना बोलावत होतेच आणि त्या ठेकेदारांच्या गाड्यांची वाईट अवस्था सगळ्यांना ठाऊक होती. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "तुमच्यात पौर्णिमेला काय असतं रं?"

"विहारात वंदना. आई उपास धरती."

"मग तुझी गाडी पौर्णिमेला उभी. सकाळी वंदना, दुपारी लायनर."

"म्हंजे मिस्त्र्याला आता म्हैन्यातनं दोन सन!" कोणीतरी म्हणाले. दुसरा एक जण पुढे झाला, "अण्णा, माझीबी पुनवेला घ्या. आमचा सत्यनारायन पुनवेलाच असतो." हळूहळू निम्म्या गाड्या पौर्णिमेकडे आल्या. मिस्त्री तेवढेच राहिले, पण काम त्याच दिवशी उरकू लागले आणि ऊस वाळायचा थांबला. गाड्या जुन्याच होत्या, नंतरही मोडत राहिल्या. पण घाटात कमी मोडल्या. अण्णा हे श्रेय नेहमी दादांना देत. "सुखदेव भांडला म्हनून सुटलं," म्हणत.

दादांना पोटाचा आजार झाला तेव्हा अण्णा घरी येऊन बसत. एका संध्याकाळी दादांनी विचारले, "आज पुनव ना? गाडी उभी केली?"

"केली. लायनर बी बदलले."

"कुनाकडं दिली?"

अण्णांनी खोटे सांगितले नाही. "भानुदासकडं. पन दिवस तुझाच ठेवलाय."

"मंग बरं. त्याला म्हनावं, घाट खालच्या गिअरमधीच उतर."

पुढची पौर्णिमा दादांनी पाहिली नाही. पण ते गेले ते घरी, स्वतःच्या अंथरुणावर, आईचा हात हातात असताना. आयुष्यभर त्यांनी ज्या गाड्या ज्या घाटातून उतरवल्या, त्या पाहता हे आम्हाला आपोआप मिळालेले नाही, अण्णांनी वेळेवर उघडलेल्या चाकांमुळे मिळाले. आईला हे अण्णांना सांगायचे होते. पण ते आले की ती चहाच्या निमित्ताने आत निघून जाते. म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

अण्णांचे गुडघे आता दुखतात. ट्रकखालून उठताना त्यांना चाकाचा आधार लागतो. डॉक्टरकडे जायचे मात्र हंगामामागून हंगाम पुढे ढकलत आले आहेत. परवा मी म्हणालो, "अण्णा, येत्या पौर्णिमेला नगरला दवाखान्यात जायचंय."

"आरं, त्या दिवशी गाड्या उघडायच्या असतात."

"तुम्हीच म्हणता ना, रस्त्यात मोडण्यापेक्षा आधी उघडलेली बरी?"

"आता मलाबी उघडतो व्हय?" म्हणून ते हसले. मग दादांच्या गाडीकडे बघत म्हणाले, "बरं. येतो."

त्यांनी हा शब्द पाळावा. त्यांचे गुडघे बरे व्हावेत, त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे आणि पुढच्या पुष्कळ पौर्णिमा त्यांनी आवारात खुर्ची टाकून, हात काळे न करता, नुसते बघत बसावे, अशी आमच्या घरातल्या सर्वांची इच्छा आहे. दादांचीही हीच असती.