पार्टनरने नेलेली खुर्ची

चाकाच्या खुर्चीची ती फिर्याद आठवली की मला आजही हसू आवरत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घरी पाहुणे आले की बायको मला सांगायला लावते तो हाच किस्सा.

मी तेव्हा कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता आणि निम्मे कर्मचारी बंदोबस्तावर गेले होते. नेमका तेव्हाच वारंगा फाट्याजवळच्या एका गोदामाचा ठेकेदार तणतणत आत आला. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल या गोदामात उतरायचा आणि इथून गावोगाव वाटला जायचा. आदल्या दुपारी त्याच्या ऑफिसातली उंच पाठीची, गोल फिरणारी चाकाची खुर्ची चोरीला गेली होती. संशय गोदामातल्याच एका माणसावर होता.

"मोठ्यातलं मोठं कलम लावा साहेब! पुन्हा कुणाची हिंमत नाही झाली पाहिजे."

मी त्याला समजावले की साधी चोरी वेगळी आणि नोकराने मालकाच्या वस्तूची केलेली चोरी वेगळी. दुसरीत शिक्षा जास्त. पण त्यासाठी तो तुमचा नोकर आहे, हे फिर्यादीत यायला हवे.

"नोकर न्हाई तर काय जावई हाय? माझ्या शिट्टीवर उठतो अन् बसतो. कपडा मी देतो, सुट्टी मी देतो. मला इचारल्याबिगर लघवीलाबी जात न्हाई!"

शेवटचे वाक्य घ्यायचे का, म्हणून ठाणे अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. ठेकेदारच म्हणाला, "घ्या, घ्या, समदं घ्या." फिर्याद वाचून दाखवली. त्याने ऐटीत सही केली आणि आपली प्रत घेऊन निघून गेला.

तपासाला फार घाम गाळावा लागला नाही. फाट्यावरचा एक पानटपरीवाला आमचा जुना खबऱ्या. त्याचा फोन आला. "साहेब, काल एक माणूस टेम्पोत खुर्ची टाकून, तिच्यात बसून गेला. एक पाय प्लास्टरमधी. लोकं रामराम करून राहिले होते, त्यांना वाटलं कुणी पुढारी हाय."

टेम्पो कुठल्या तांड्यावर गेला तेही त्याने सांगितले. आम्ही जीप घेऊन पोचलो, तर आरोपी अंगणात मुद्देमालावरच बसलेला. मांडीपासून प्लास्टर, आणि अंगातल्या टी-शर्टावर मोठ्या अक्षरांत छापलेले: पार्टनर.

मी आवाज चढवला. "खुर्ची काहून चोरली?"

"चोरली न्हाई साहेब. पार्टनरची खुर्ची पार्टनरनं आणली."

"कोण पार्टनर?"

"मी! आमी समदेच. शेठनं सांगितलं, तुमी नोकर न्हाई, धंद्यातले पार्टनर हाय."

हळूहळू सगळे बाहेर आले. गोदामातली मालाची मांडणी त्याच्या अंगावर कोसळून पाय मोडला होता. आत सळई बसवायला नांदेडला ऑपरेशन करावे लागणार होते, नाहीतर पाय कायमचा वाकडा राहील, असे डॉक्टरांनी बजावले होते. ठेकेदाराने हात वर केले. कामगार कार्यालयातही तो सांगून आला की हा माझा कामगारच नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहे. पार्टनरच्या पायाशी माझा काय संबंध? मग हा मेव्हण्याच्या टेम्पोतून विनवणी करायला गोदामावर गेला. ठेकेदार जागेवर नव्हता, म्हणून त्याच्या खुर्चीत टेकला.

"मंग उठताच येईना साहेब. बाकीच्या पार्टनरांनी खुर्चीसकट उचललं."

हवालदार तोंड फिरवून हसला. मी हसलो नाही, कारण त्याची बायको पुढे आली होती. "खुर्ची न्या साहेब. पन ह्यांला संडासला कसं न्यावं, तेवढं सांगून जा. मी एकली किती उचलू?"

मला फार वाईट वाटले. मी त्याला विचारले, कामगार कार्यालय काय म्हणते?

"म्हंते, तू त्याचा नोकर हायेस याचा पुरावा आन."

मी हवालदाराकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. पुरावा आमच्या जीपमध्येच होता, ठेकेदाराच्या सहीनिशी, लघवीसकट. आरोपीला प्रथम खबरीची, म्हणजे त्या फिर्यादीची, प्रत मिळणे हा त्याचा हक्कच असतो. ती मी त्याच्या हातात दिली आणि कुठे दाखवायची तेही सांगितले. खुर्ची रीतसर जप्त करून शेजारीच राहणाऱ्या पोलीस पाटलाच्या ताब्यात दिली. पाटलाने ती जपून ठेवली. जपून म्हणजे, आरोपीला रोज तिच्यातच बसवून.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार पळतच ठाण्यात आला. "साहेब, तेवढा नोकर शब्द खोडा!"

"फिर्याद खोडता येत नाही."

"मंग लिहा, खुर्ची मीच दिली व्हती."

"म्हणजे खोटी फिर्याद दिलीत? त्याचंही कलम आहे. लावू?"

तो आल्या पावली परतला. त्या कलमाची गरज पडली नाही. कामगार कार्यालयात त्याचेच शब्द त्याच्यावर उलटले, ऑपरेशनचा खर्च आणि भरपाई त्याला द्यावी लागली, आणि खुर्चीचा खटला न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटला.

बऱ्याच महिन्यांनी फाट्यावर तो माणूस भेटला. थोडा लंगडत होता, पण स्वतःच्या पायांवर. नव्या टी-शर्टावर छापले होते: कामगार.

"पार्टनर कुठं गेला रे?" मी विचारले.

"इज्जत थोडी कमी झाली साहेब," तो हसला, "पन पाय वाचला."

या प्रकरणाने मला एक शिकवले. कुणी मोठे नाव बहाल केले की त्यासोबत काय काढून घेतले, ते आधी पाहावे. निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीने मला 'सुरक्षा भागीदार' म्हणून बोलावले. तिथल्या साहेबांनी उठून हात मिळवला, चहा मागवला, बसायला चाकाची खुर्ची दिली. मी उभ्यानेच विचारले, "कामावर पडलो, तर दवाखान्यात कोण नेणार?"

चहा काही आला नाही.