मला प्रश्न विचारा

"तुला काय विचारायचं? हे तुझ्या घरचंच आहे की."

परीक्षक मॅडम एवढं बोलल्या आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं. वर्ग हसला. मी स्टेजवर तशीच उभी, हातात अर्धवट घडी घातलेली चादर.

सोलापुरात नाट्यशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. नाटकातला उतारा करून दाखवायचा आणि मग असं का केलं ते सांगायचं. सांगण्यालाही मार्क असतात. उताऱ्यात मालकीण मोलकरणीवर चोरीचा आळ घेते. माझ्या आधी एका वकिलाच्या मुलीनं तीच मोलकरीण केली. रडली, पाया पडली. मॅडमनी तिला खोदून खोदून विचारलं, तिच्या अभ्यासाचं कौतुक केलं. मी रडले नाही. आळ ऐकत चादरीची घडी घालत राहिले. तर मला एक प्रश्न नाही. का, तर आम्ही वळसंगकडची मेंढरं राखणारी माणसं. आम्ही कसला अभिनय करणार?

अंगाची लाही लाही झाली. खाली उतरावंसं वाटेना. पहिल्या वर्षापासून मला मोलकरीणच मिळायची, नाहीतर भिकारीण. सगळे म्हणायचे, किती नैसर्गिक करतेस. आणि मी खुळी, खूश व्हायची.

"मला प्रश्न विचारा," मी म्हणाले.

मॅडमनी मान वर केली नाही. "वेळ नाही. बस खाली."

मग मीच बोलले. तोंडाला घरचीच बोली आली.

"घरचं म्हणताय न्हवं? मग ऐका. आमच्या मेंढरांनी ज्वारी खाल्ली म्हणून आळ आला, तवा माझी आई रानमालकाच्या पाया पडली. लई रडली. ज्वारी खाल्ली ती मेंढरं आमची नव्हतीच. मी तितंच उभी व्हते. रडणं, पाया पडणं, ते माझ्या घरचं हाय. माझी मोलकरीण रडली न्हाय, ते मी ठरवलंय. हात थांबला तर आळ कबूल केल्यासारखं व्हतंय. म्हणून हात थांबवला न्हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. मॅडमनी पुन्हा पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

सांगण्याच्या मार्कांत मला काठावर पास केलं. करू देत.

पुढच्या परीक्षेला मी मालकीण करणार आहे. समोरच्याकडं न बघता कसं बोलायचं, माणूस उभा असताना दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं, माझा सगळा अभ्यास झालाय. आणि असं का केलं म्हणून विचारलं, तर कुणाचं बघून केलं ते नाव घेऊन सांगणार.