जावेचा फिल्टर

आमच्या सासूबाई दोन वर्षं माझ्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत. राहायच्या माझ्याकडे, जेवायच्या माझ्याकडे, पण शेवटचा घास संपला की तांब्या घेऊन शेजारी धाकट्या जावेच्या दारात. तिच्याकडे फिल्टर होता. दीर फौजेत, सुट्टीला येताना त्यांनी तो कॅन्टीनमधून आणून भिंतीला बसवला होता. आमच्या सांगलीच्या पूर्व भागातलं बोअरचं पाणी इतकं जड, की पातेल्यांना आतून पांढरा थर धरतो. मी ते उकळून, गाळून ठेवायचे. सासूबाई चार बायकांत म्हणायच्या, "हिचं पानी मचूळ लागतंय. धाकटीचं लय ग्वाड हाय." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जाऊ त्या फिल्टरला वरून रोज पुसायची, विणलेलं कापड घालायची. आतून मात्र एकदाही उघडला नाही. "ह्यांनी बसवलाय, सुट्टीला आलं की ह्येच उघडतील," म्हणायची. आणि दिरांची सुट्टी काही केल्या मंजूर होईना.

एका दुपारी मी तिच्याकडे विरजण मागायला गेले. ती मागे गोठ्यात होती. कुणी बघत नाही म्हणून मी फिल्टरचं झाकण उचललं. टाकीच्या कडेला पांढरी खपली, आणि बोट फिरवलं तर काहीतरी बुळबुळीत हाताला लागलं. वासही येत होता. मी बोट पदराला पुसलं, झाकण लावलं आणि विरजण घेऊन घरी आले. खरं सांगते, मला आनंद झाला. येऊ देत दिरांना, उघडू देत सगळ्यांसमोर, मग कळेल कुणाचं पाणी कसलं ते! त्या संध्याकाळीही सासूबाई तांब्या घेऊन निघाल्या. मी अडवलं नाही.

आठवडाभरात त्यांना जुलाब-उलट्या लागल्या. सांगलीला नेऊन सलाइन लावावं लागलं. दोन दिवस त्या डोळेही उघडत नव्हत्या. पाणी कुठलं पितात, असं डॉक्टरांनी विचारलं, तशी जाऊ गावी परतली, फिल्टर उघडला आणि तिथेच रडत बसली.

सासूबाई वाचल्या. आता माझंच उकळलेलं पाणी पितात.

परवा भांडी घासता घासता जाऊ म्हणाली, "आक्का, तुमच्या नजरंतनं कदी काय सुटत न्हाई. मग ह्ये कसं सुटलं वो?"

"चष्मा नव्हता गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला ते खरंच पटलं होतं. इतकं साधं मन कसं असतं एखादीचं! मला त्याचाही हेवा वाटला.