आमच्या ओट्यावरची हजेरी

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. देवापुढं हात जोडले तरी एवढं सोडून बाकी सगळं बोलायचे — जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं! आता तुम्हाला सांगते. मधेच अडखळले तर अडखळू द्या.

माझे सासरे उंद्रीजवळच्या एका गावचे पोलीसपाटील. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि मी लग्न होऊन खामगावाहून त्या घरात नवी आले होते. गावाबाहेर माळावर फासेपारध्यांची चार-पाच पालं होती. ती माणसं रोज दिवेलागणीला आमच्या ओट्यापुढं येऊन उभी राहत. बायासुद्धा. मामंजी पान लावता लावता एकेकाचं नाव घेत, आणि तो म्हणे, "हजर हाय, पाटील." परगावी जायचं तर आधी मामंजींची परवानगी. इंग्रजानं कायदाच केला होता ना — की ही जात जन्मानंच चोर! ज्या रानात ते पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पोट भरत, ते रान सरकारचं झालं, आणि माणसं आमच्या ओट्याला बांधली गेली.

ते पाहून मला वाईट वाटे का? खरं सांगू? पहिले काही दिवस वाटलं. मग वांग्याला पाणी देण्यासारखं तेही रोजचंच झालं.

माझा भाऊ खामगावात मास्तर. दिवाळीला मला न्यायला आला, आणि ओट्यापुढची रांग पाहून चकितच झाला. "हे काय हो पाटील? तो कायदा तर केव्हाचा उठला!"

मामंजी हसले. "ठाऊक हाय मले. पण त्याईले काऊन सांगाचं? चालून राह्यलं ते चालू द्या."

घरात पुन्हा त्यावर कोणी बोललं नाही. मीही नाही. म्हणजे मला माहीत होतं — एवढं ध्यानात ठेवा.

गुरशा नावाचा पारधी आमच्या मळ्याची राखण करी. फुकट. फासे लावावे तर त्यानंच. तो असला की रानडुकरं मिरचीकडे फिरकत नसत. त्याची बायको पहिलटकरीण. मामंजींना विचारूनच ती मेहकरकडे आईच्या पालावर गेली होती. एका सकाळी गुरशा धावत आला. मामंजी कामानं खामगावला गेलेले, नवरा त्यांच्यासोबत. दारात मी एकटी.

"पाटलीनबाई, सांगावा आला. बायको अडली माही. मले जाऊ द्या ना वं माय!"

अडली — बाईला या शब्दाचा अर्थ काय सांगावा लागतो? माझ्याही पोटात तेव्हा लेक होती. "जा बाबा, तुला कोणाची परवानगी लागत नाही" — एवढंच म्हणायचं होतं. एवढंच! पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल? मिरची. लाल झालेली, तोडणीला आलेली मिरची, आणि रात्रीची डुकरं. मामंजींच्या रागाची भीती — तीही होती, पण मी तिच्याआड लपत नाही. आधी मिरचीच आली.

मी म्हटलं, "मामंजी येतीन तोवर थांब. कायदा हाय."

कायदा हाय! हे इंग्रजानं नाही म्हटलं, तो तर केव्हाच निघून गेला होता. मामंजींनीही नाही. मी म्हटलं.

तो न सांगता जाऊ शकत होता. पण एक जण नाहीसा झाला की मार सगळ्या पालांना पडतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. तो थांबला. दिवसभर ओट्याखाली बसून होता. मी भाकर दिली ती त्यानं तशीच फडक्यात बांधली. रात्री मळ्यात जाऊन डुकरं हाकलली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी आले आणि लगेच म्हणाले, "जाय ना मंग!" तो पोचला तेव्हा तिची आणि लेकराची माती होऊन गेली होती.

परत आला तो दिवेलागणीलाच. रांगेत उभा राहिला. "हजर हाय, पाटील." मग मागच्या दाराशी आला, हातात दोन तित्तर.

"बाई, तुमाले दिवस हायेत, रस्सा करून खा. त्या दिशी तुमी मले हाकललं नाही. ओट्यापाशी बसू देलं, भाकर देली."

आभार मानत होता हो तो माझे! आणि मी? तेव्हा तरी सांगितलं का? नाही. पुढं आणखी दोन पावसाळे हजेरी चालू राहिली, तेव्हाही नाही. तित्तर मात्र हात पुढं करून घेतले. संध्याकाळी झणझणीत रस्सा केला आणि पोटभर जेवले. मिरची आमच्याच मळ्यातली होती.