माती, गादी आणि हरिसिंग उस्ताद

हरिसिंग उस्ताद खोटं बोलणारा माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्याच्या एका खोट्याबद्दलच सांगणार आहे, आणि आपल्याकडे लोकांना अर्धं ऐकून मत बनवायची भारी घाई असते.

दारव्ह्यापासून कोसभरावर त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख तुडवायचे. ही पिढी एका जागी टिकून कापूस-ज्वारी पेरत होती. पण आमच्या गावानं त्यांना शेतकरी म्हणायचं अजून मनावर घेतलं नव्हतं. तांड्यातली बाई दुकानासमोर उभी राहिली की आमचे सज्जन लोक गल्ल्यावर हात ठेवायचे. मी कापसाच्या जिनात कारकून होतो, बाजारातूनच माझं जाणं-येणं, त्यामुळं हे रोज दिसायचं आणि रोज संताप यायचा. अर्थात संतापून मी काही केलं नाही. कारकून संतापतो आणि डबा खातो.

हरिसिंगनं मात्र केलं. त्यानं तांड्यात आखाडा काढला. माणूस उंचीनं बेताचा, मान खांद्यात रुतलेली, कान कुस्त्यांत चुरगळून भज्यांसारखे झालेले. चार-पाच वर्षांत त्याच सज्जनांची पोरं पहाटे तांड्याकडे पळायला लागली. जोडे बाहेर काढायची, माती कपाळाला लावायची, बंजाऱ्याच्या पाया पडायची. हरिसिंगनं जन्मात कमावलेलं धन ते एवढंच. त्याला ते जिवापाड जपावंसं वाटलं, यात मला तरी नवल वाटत नाही.

आमच्याकडे कुस्तीचा हंगाम दसऱ्यापासून चैत्रापर्यंत. पावसाळ्यात पंचमी-पोळ्याच्या किरकोळ कुस्त्या सोडल्या तर सगळं थंड. पैलवान घडतो तो याच चार महिन्यांत आणि बिघडतो तोही याच चार महिन्यांत, असं हरिसिंग म्हणायचा. म्हणून त्या काळाचे नियम कडक. लग्न झालेल्या पैलवानाची बायको पावसाळाभर माहेरी जायची. आणि कोणी कसला सराव करायचा याचा कौल उस्ताद बंजाऱ्यांच्या संताच्या, सेवाभायाच्या ओट्यावर, पांढऱ्या झेंड्याखाली उभा राहून द्यायचा. कौल झाला की विस्तवावर तूप-गुळाचा भोग चढायचा. त्यानंतर तांड्याचा नायकसुद्धा त्यावर तोंड उघडत नसे. त्या झेंड्याखाली खोटं बोलायचं नसतं, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. रूपसिंग हा हरिसिंगचा सगळ्यात चांगला पठ्ठ्या. आर्णीच्या दंगलीत त्यानं कुस्ती मारली, पण उजवा गुडघा मुरगळून घेतला. उन्हाळा सरत आला तरी सूज पुरती उतरेना. त्याच सुमारास यवतमाळचे वामन मास्तर छोट्या रेल्वेनं दारव्ह्याला आले. ते शाळेत कवायत शिकवायचे. आमच्या जिनातला टाकाऊ कापूस नेऊन, वर जाड कॅनव्हास शिवून त्यांनी कुस्तीची गादी बनवली होती. रूपसिंगला त्यांनी आर्णीत पाहिलं होतं. मला घेऊन ते तांड्यावर गेले.

"उस्ताद, हा पावसाळा रूपसिंगला माझ्याकडे द्या," ते म्हणाले. "गादीवर दोन तऱ्हेच्या कुस्त्या असतात. एकीत पाय धरता येतात, आपल्या मातीतल्यासारखंच. दुसरीत कमरेखाली हातच लावायचा नाही, पायही अडकवायचा नाही. ग्रीको-रोमन म्हणतात तिला. सगळा खेळ छाती-खांद्यांचा. त्याला फक्त ती करू देतो. गुडघ्याला आराम पडेल, वरचं अंग तयार होईल. दसऱ्याला तुमचा पैलवान तुम्हाला परत."

"कमरेखाली हात नाई?" एक पैलवान म्हणाला. "हे कुस्ती हाये का व्याह्याची भेट?"

सगळा आखाडा हसला. मीही हसलो. हरिसिंग हसला नाही. तो रूपसिंगचा गुडघा अंगठ्यानं चाचपत होता.

"तुले काय वाटते?" त्यानं विचारलं. आपसात ते त्यांच्या बंजारी गोरबोलीत बोलायचे. मी ते माझ्या वऱ्हाडीत सांगतो, मला तेवढंच येतं.

"उस्ताद म्हंतीन तसं," रूपसिंग म्हणाला.

दोन दिवसांनी कौल झाला. हरिसिंग ओट्यावर चढला आणि म्हणाला, "सेवाभायाची आण घेऊन सांगतो. गादीवर पाय अडकते, गुडघा फिरते. मातीत पाय सरकते. रूपसिंगचा गुडघा मातीतच बरा होईन." भोग चढला. वामन मास्तर पुढच्या गाडीनं गेले.

कोरड्या, तेल-ताक घातलेल्या, चाळून भुसभुशीत केलेल्या मातीबद्दल ते खरंच होतं. पण पावसाळ्यात आमची काळी माती छपराखालीसुद्धा ओल धरते आणि पायाला गोंदासारखी चिकटते. आदल्याच वर्षी घोटा दुखावलेल्या एका पोराला हरिसिंगनं याच कारणासाठी श्रावण संपेपर्यंत आखाड्यात उतरू दिलं नव्हतं. हे मला आठवायला हवं होतं. तेव्हा आठवलं नाही.

श्रावणात रूपसिंगनं जोडीदाराला कमरेत धरून उचललं आणि वळला. अंग वळलं, पाय मातीतच राहिला. आवाज बाहेर उभ्या असलेल्या बायांनाही ऐकू गेला म्हणतात. हाडवैद्य झाला, यवतमाळचा दवाखाना झाला. रूपसिंग पुन्हा चालला, पण लंगडत. कुस्ती संपली.

आता पैलवान मोडला की लोक कारण शोधतात, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. घरात बायको असतेच. रूपसिंगची बायको गंगी त्या पावसाळ्यात माहेरी गेली नव्हती. जाणार कुठं? आई-बाप दोघंही वारले होते, भाऊ नव्हता. ती सासरीच राहिली, आणि रूपसिंगचं ब्रह्मचर्याचं व्रत एकदा मोडलं. ते त्यानं स्वतःच नायकासमोर कबूल केलं. झालं! लंगोट ढिला झाला म्हणून गुडघा गेला, असं ठरलं. सासू जमनाबाई येता-जाता तिला म्हणायची, "माह्या वाघाले खाल्लं हिनं." पाणवठ्यावर बाया तिच्या घागरीशेजारी घागर ठेवेनात. रूपसिंग स्वतः तिच्याशी सरळ शब्द बोलेना. तिनं ताट ठेवून आत जायचं, मग यानं जेवायला बसायचं. अशी सहा वर्षं गेली.

हरिसिंगला यातलं सगळं कळत होतं. तांडा केवढा तो! जमनाबाईचा आवाज आखाड्यापर्यंत यायचा. एका वाक्यानं ते थांबलं असतं, आणि ते वाक्य फक्त त्याच्याजवळ होतं. पण तो बोलला नाही. त्याऐवजी तो रोज सकाळी रूपसिंगच्या घरी तांब्याभर दूध पाठवायचा. रूपसिंगला त्यानं आखाड्यात आपला उजवा हात केलं. माती खणणं, नव्या पोरांना डाव दाखवणं, सगळं त्याच्याकडे. लोक म्हणायचे, उस्तादाची माया बघा. रूपसिंगही तसंच म्हणायचा आणि संध्याकाळी उस्तादाचे पाय चेपायचा. पाय चेपून घेताना हरिसिंग डोळे मिटून पडायचा. मला वाटायचं, बरं वाटत असेल. आता वाटतं, त्याला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नसेल.

त्या वर्षांत तो फार बदलला. ओट्यावर चढला की घाम फुटायचा. कौल देताना "मले वाटते" असं म्हणायला लागला. पूर्वी म्हणत नसे. भोगाचा प्रसाद सगळ्यांना वाटायचा, स्वतः घ्यायचा नाही. कुणी विचारलं तर दात दुखतात म्हणायचा. गुळानं दात दुखतात हे खरं, पण सहा वर्षं?

चौसष्टच्या उन्हाळ्यात रूपसिंगचा धाकटा भाऊ देवसिंग तयारीचा झाला होता. त्याचाही प्रश्न तोच, पावसाळ्यात माती की गादी? वामन मास्तरांनी पुन्हा निरोप धाडला होता, आणि तो घेऊन मीच तांड्यावर गेलो होतो. ओट्यासमोर माणसं जमली, विस्तव पेटला, तूप-गूळ आला. रूपसिंग भावाला पुढं करून म्हणाला, "उस्ताद, तुमी सांगान तसं. माह्यासारखं व्हायले नको म्हणून याच्या बायकोले मी आधीच माहेरी पोचवून आलो. लहान हाये, रडत होती. म्हटलं रड, पण जाय."

हरिसिंग ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबला. मग त्यानं पाय खाली घेतला.

"आज कौल नाई," तो म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यानं रूपसिंगचा दंड धरला, दुसऱ्या हातानं माझा धरला आणि आम्हाला लिंबाखाली नेलं. मला कशाला ओढलं, ते तेव्हा कळलं नाही. एकट्यानं बोलायची हिंमत नसेल.

"रूपसिंग, तुह्या गुडघ्याले माती नको होती," तो म्हणाला. "मले माहीत होतं. मी हात लावला तवाच समजलं. मास्तर बराबर सांगत होता."

रूपसिंगला कळलंच नाही. "कोन्ता मास्तर?"

"वामन मास्तर. त्या साली. मी झेंड्याखाली खोटं बोललो."

"काहून?"

"तू गेला असता तं समदे गेले असते. दोन पोरं आधीच विचारून राह्यले होते. गावातले येनं बंद झाले असते. मंग तांड्यात काय उरते? पुन्हा आपून चोरच. मी म्हटलं, एक पावसाळा तं हाये, जपून करीन. नाई जपल्या गेलं." "माह्या हातानं तुले मोडलं, अन् वरतून सहा साल तुह्या हातानं पाय चेपून घेतले."

कुंपणानंच शेत खाल्लं, असं मी मनात म्हटलं. आणि त्या कुंपणाची मला दयाही आली. दोन्ही एकाच वेळी वाटलं, काय करणार!

मला वाटलं रूपसिंग त्याच्या अंगावर जाईल. हरिसिंगलाही तसंच वाटलं असावं, कारण तो खांदे सैल सोडून उभा होता. पैलवान मार खायचं ठरवतो तेव्हाच तसा उभा राहतो. पण रूपसिंग जमिनीकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "गंगी."

मग त्यानं मान वर केली. "मले कायले सांगता? तिले सांगा."

"तिले..." हरिसिंग अडखळला. तांड्याचा उस्ताद, बापाच्या वयाचा माणूस. गंगी त्याच्यासमोर कधी घुंगट वर करून उभी राहिलेली नव्हती. सुनेनं त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानं सुनेशी बोलायचं नाही, अशी तिथली रीत.

"तिले सांगा," रूपसिंग पुन्हा म्हणाला. "मी नाई सांगू शकत."

"देवसिंगचं काय?"

"ते वामन मास्तर पाहीन. तुमी आता ओट्यावर नका चढू."

हरिसिंगनं मान हलवली. आम्ही रूपसिंगच्या घराकडे निघालो. भोगाचा विस्तव तसाच जळत होता आणि माणसं आमच्या पाठीकडे बघत होती.

गंगी अंगणात तुरी पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली, घुंगट पुढं ओढून दारात उभी राहिली. जमनाबाई खाटेवर होती; तिनं काय झालं म्हणून विचारलं. हरिसिंग अंगणाच्या मधोमध उभा राहिला. ज्यानं हजार माणसांसमोर कुस्त्या केल्या, त्याचा आवाज त्या अंगणात नको तितका मोठा निघाला.

"गंगी, बाई, रूपसिंगचा पाय तुह्यामुळं नाई गेला. मी मोडला. गादीवर धाडाले पायजे होतं, मी मातीत ठेवलं. खोटं सांगून ठेवलं. तुह्या नावानं लोक बोलत होते, मी आयकत होतो. तुहा काईच कसूर नव्हता."

जमनाबाई खाटेवरून अर्धी उठली आणि तशीच बसली. गंगी हलली नाही. घुंगटाआड ती रडतेय की रागावलीय, काही कळत नव्हतं. हरिसिंग शिव्यांची वाट बघत होता, आणि शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मले बी वाटे," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तांड्यातल्या मोठ्या माणसांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. "मले बी वाटे का माह्यामुळंच झालं."

हरिसिंगनं तोंड झाकून घेतलं. मग ती पुन्हा बोलली, पण त्याच्याशी नाही. घुंगट नवऱ्याच्या दिशेला वळला होता. "देवसिंगच्या बायकोले आजच्या आज घेऊन या. पाय बायकोमुळं जात नाई, मंग त्या पोरीले कायले शिक्षा?"

"जातो," रूपसिंग म्हणाला.

ती आत गेली. तिच्यामागं जावं, काही बोलावं, असं त्याला वाटत होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण सहा वर्षांत त्यानं तिला नावानं हाकच मारली नव्हती. तिनं त्याला आत बोलावलं नाही, आणि तो दुखरा पाय उचलून आपल्याच घराच्या उंबऱ्याशी गेला आणि तिथंच थांबून राहिला.